चरबी वाढली, लेप्टिन वाढलं, तरी भुईखार खातच सुटते. मग अन्न पुढ्यात असून उपाशी. हे जुळतं कसं?

बर्डीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्राच्या सेमिनारला शीतनिद्रा हा विषय आहे आणि गाडी पहिल्याच पायरीवर अडली आहे.

पुस्तकातली साखळी सरळ आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक सोडतात. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. ते हायपोथॅलॅमसला (मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला) पोचलं की भूक कमी होते. १९९४ मध्ये फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा जनुक शोधला, तेव्हापासून हेच शिकवलं जातं.

आता उत्तर अमेरिकेतली तेरा पट्ट्यांची भुईखार घ्या. (आपली झाडावरची तीन पट्ट्यांची नव्हे, ही बिळात राहते.) उन्हाळ्याच्या शेवटी तिचं वजन जवळपास दुप्पट होतं. म्हणजे लेप्टिन वाढूनही खाणं थांबत नाही. त्यानंतर ५ ते ७ महिने ती काहीच खात नाही. त्या काळात सलग झोपलेली असती तर प्रश्नच नव्हता. पण दर एक-दोन आठवड्यांनी ती पूर्ण जागी होते, अंग ३७ अंशांपर्यंत तापवते, दिवसभर तशीच राहते, आणि तेव्हाही खात नाही. म्हणजे साखळी दोन्ही टोकांना तुटते.

प्रश्न तीन:
१) शरद ऋतूत लेप्टिन खरंच वाढतं का, की तेच कमी पडतं?
२) जागेपणी भूक का नाही? भूक लावणारं घ्रेलिन कुठे जातं?
३) आपल्याकडे नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलं आहेत. त्यांच्यावर यातलं काही मोजता येईल का?

---

महालची मास्तरीण

लेप्टिन थोडा वेळ बाजूला ठेव. हा प्रश्न लेप्टिनपेक्षा जुना आहे आणि त्याचा गाभा लेप्टिनशिवायच सापडला होता.

पेंगेली आणि फिशर यांनी १९५७ मध्ये सोनेरी पाठीच्या भुईखारींवरचं काम प्रसिद्ध केलं. तापमान स्थिर, रोज १२ तास उजेड, अन्नपाणी कायम. बाहेरच्या ऋतूचा कुठलाच इशारा नाही. तरी जनावरं वर्षाच्या अलीकडेच संपणाऱ्या एका चक्रात फिरत राहिली: लठ्ठ होणं, निद्रा, जागं होणं, पुन्हा लठ्ठ होणं. म्हणजे घड्याळ आतलं आहे.

पुढचा प्रयोग जास्त बोलका. म्रोसोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्राच्या मधेच खारींना उपाशी ठेवून वजन पाडलं आणि मग पोटभर खायला दिलं. उपास सुरू झाला त्या दिवशीच्या वजनाला खारी परत आल्या नाहीत. उपास नसता तर आज जे वजन असतं, त्यावर येऊन थांबल्या. उतरत्या काळात हे केलं तर त्या थोडंच भरून काढतात आणि पुन्हा उतरायला लागतात.

१९८४ मध्ये डार्क, फोर्जर आणि झुकर यांनी तर शस्त्रक्रिया करून चरबीच काढून टाकली. खारींनी वजन भरून काढलं, आणि तेही त्या ऋतूला शोभेल तितकंच.

यातून काय निघतं? शरीर वजन राखतं, पण राखायचा आकडाच रोज सरकतो. म्रोसोव्स्कींनी १९९० मध्ये याला रिओस्टॅसिस नाव दिलं. खार ऑगस्टमध्ये ‘जास्त’ खात नाही. तिच्या हिशेबाने ती ऑगस्टच्या आकड्यापेक्षा बारीक आहे. जानेवारीत ती ‘उपाशी’ नाही, कारण जानेवारीचा आकडाच खाली आला आहे. सेमिनारची पहिली स्लाइड ही कर, लेप्टिन दुसऱ्या स्लाइडवर.

---

खामला एक्स्प्रेस

म्हणजे ऑगस्टभर सावजी हाणायची आणि दिवाळीनंतर तर्री पोह्याकडे ढुंकून नाही पाहायचं. राजेहो, हा आकडा आमचा काऊन नाही सरकत?

---

धंतोलीचा डॉक्टर

मास्तरीणबाईंची मांडणी बरोबर. आता तो आकडा रसायनात कसा लिहिला जातो ते पाहू. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘जनावरागणिक वेगळं’ असं आहे, आणि बहुतेक सेमिनार इथेच घसरतात.

छोटं तपकिरी वटवाघूळ: निद्रेआधी चरबी चढते आहे आणि रक्तातलं लेप्टिन खाली जातं आहे. २००० मध्ये क्रोनफेल्ड-शोर यांच्या गटाने ते दाखवलं. म्हणजे चरबी आणि लेप्टिन यांची जोडीच सुटते. ‘चरबी पुरे’ ही चिठ्ठी लिहिलीच जात नाही.

सायबेरियन हॅम्स्टर: हा खरा शीतनिद्रेतला नाही, रोज काही तासांची जडावस्था (अंग थंड, चयापचय मंद) घेतो. पण यंत्रणा याच्यावर सगळ्यात जास्त उलगडली आहे. उन्हाळी, लांब दिवसांत तो जाड असतो, लेप्टिन भरपूर असतं, पण बाहेरून आणखी टोचलं तरी फरक पडत नाही. दिवस लहान केले की वजन ३० ते ४० टक्के उतरतं, लेप्टिनही उतरतं, आणि आता टोचलेल्या लेप्टिनला तो चोख प्रतिसाद देतो. फरक हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकातल्या (भूक सांभाळणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्यातल्या) एसओसीएस३ या प्रथिनाचा. लेप्टिनचा रिसेप्टर आत जो संदेश पाठवतो, त्यावर हे प्रथिन बूच मारतं. लांब दिवसांत ते जास्त, लहान दिवसांत कमी. चिठ्ठी येते, पण वाचणारा ऋतूनुसार वाचतो किंवा वाचत नाही.

आर्क्टिक भुईखार: शीतनिद्रा संपल्यावर पुन्हा वजन भरायच्या काळात बाहेरून लेप्टिन दिलं तर वजन वाढत नाही (१९९७ चं काम). म्हणजे हिचा मेंदू लेप्टिनला कायमचा बहिरा नाही. वर्षाच्या त्या तुकड्यात त्याला ऐकू येतं.

म्हणून ‘शीतनिद्रेत लेप्टिन वाढतं की कमी होतं’ असा एक बाण स्लाइडवर काढू नकोस. जात, महिना आणि जनावर गरम होतं की थंड, या तिन्हींशिवाय तो बाण खोटा.

---

बर्डीवाला

डॉक्टर, शेवटचा मुद्दा कळला नाही. गरम की थंड याचा लेप्टिनच्या आकड्याशी काय संबंध?

---

धंतोलीचा डॉक्टर

रक्तातलं प्रमाण म्हणजे किती सोडलं आणि किती साफ झालं यांचा ताळा. शरीर ५ अंशांवर आहे, चयापचय नेहमीच्या २ ते ४ टक्क्यांवर, हृदय मिनिटाला ३००-४०० ऐवजी ५-१० ठोके, मूत्रपिंड जवळजवळ बंद. अशा वेळी नवीन लेप्टिन फारसं बनत नाही आणि जुनं फारसं जातही नाही. नळीत जो आकडा येईल तो कदाचित जडावस्थेत शिरतानाचा शिळा आकडा असेल. त्यावरून ‘स्राव’ काढता येत नाही.

दुसरी अडचण हातांची. जडावस्थेतल्या खारीला नुसतं उचललं तरी ती तापायला लागते. दोन-तीन तासांत पूर्ण गरम. नस सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली तर नमुना जडावस्थेचा राहिलाच नाही, जागं होतानाचा झाला, आणि त्या वेळी उष्णता बनवणाऱ्या तपकिरी चरबीकडे नॉरॲड्रेनॅलिनचा मारा सुरू असतो. म्हणून चांगल्या कामात कॅथेटर आधीच बसवलेला असतो आणि प्रत्येक नमुन्यासोबत शरीराचं तापमान लिहिलेलं असतं. ज्या शोधनिबंधात ते तापमान नाही, त्यातला जडावस्थेचा आकडा मी वापरणार नाही.

---

इतवारीचा गणिती

आकड्यांशिवाय मजा नाही. २०० ग्रॅमची खार धरा, आणि तिच्याजवळ १०० ग्रॅम चरबी.

चरबीची ऊर्जा ग्रॅमला ३९ किलोज्यूल, म्हणजे साठा ३९०० किलोज्यूल.

क्लायबरच्या सूत्राने (किलोग्रॅममधल्या वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७० किलोकॅलरी) ०.२ किलोच्या जनावराला आरामात दिवसाला सुमारे २१ किलोकॅलरी लागतात, म्हणजे ८८ किलोज्यूल. हिवाळाभर गरम राहिली तर ३९०० भागिले ८८, जेमतेम ४४ दिवस. हिवाळा १८० दिवसांचा. खेळ खलास.

आता जडावस्था. चयापचय ४ टक्के धरा, दिवसाला ३.५. बारा दिवसांचे ४२. मग जागं होणं: २०० ग्रॅम ऊतक ५ पासून ३७ अंशांपर्यंत तापवायचं, विशिष्ट उष्णता ग्रॅमला साधारण ३.४ ज्यूल, म्हणजे २२ किलोज्यूल. वर एक दिवस गरम राहण्याचे ८८. तेरा दिवसांच्या एका फेरीचे एकूण १५२. हिवाळ्यात अशा १४ फेऱ्या: २१२८ किलोज्यूल, म्हणजे ५५ ग्रॅम चरबी. ४५ ग्रॅम शिल्लक!

---

महालची मास्तरीण

गणितीबुवा, एक चूक. ८८ हा आकडा सुखद तापमानाचा आहे. बीळ ५ अंशांवर असताना गरम राहायचं तर खर्च दुपटीच्या वर जातो. दिवसाला २०० धरा आणि पुन्हा करा.

---

इतवारीचा गणिती

केलं. फेरी: ४२ + २२ + २०० = २६४. गुणिले १४ = ३६९६. भागिले ३९ = ९५ ग्रॅम.

१०० पैकी ९५! आणि त्या २६४ पैकी २२२ नुसत्या जागं होण्यात आणि जागं राहण्यात गेले, म्हणजे ८४ टक्के. बाप्पा.

आता उलट बघा. कुणी त्रास दिल्याने एकदा जास्त जाग आली तर २२२ किलोज्यूल, ५.७ ग्रॅम चरबी गेली. एका जादा जागेला शिलकीतले ५ ग्रॅमही पुरत नाहीत.

---

पेंचफिरस्ता

वटवाघळांचा पांढऱ्या नाकाचा रोग नेमका असाच मारतो. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत पहिल्यांदा दिसला. बुरशी कातडीवर वाढते, वटवाघूळ हिवाळ्यात वारंवार जागं होतं, आणि वसंत यायच्या आत चरबी संपते. बुरशी थेट अवयव खाऊन मारत नाही, हिशेब बिघडवून मारते.

---

बर्डीवाला

आकडे स्लाइडवर घेतो, ‘ढोबळ हिशेब’ असं लिहून. पण मग दुसरा प्रश्न आणखी टोकदार होतो. जागेपणाचा दिवस इतका महाग असेल, अंग गरम असेल, जठर-मेंदू सगळं सुरू असेल, तर त्या दिवशी भूक लागायलाच हवी. ती कोण दाबतं?

---

महालची मास्तरीण

याचं आजवरचं सगळ्यात स्वच्छ उत्तर २०२४ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाकडून आलं. नेचर कम्युनिकेशन्समध्ये आहे, पूर्ण वाच. सांगते ते असं.

तेरा पट्ट्यांच्या खारी जागेपणाच्या २४ ते ४८ तासांत अन्न ठेवलं तरी जवळजवळ तोंड लावत नाहीत. पहिला संशय घ्रेलिनवर येतो. ते उपाशी जठरातून येणारं २८ अमिनो आम्लांचं संप्रेरक, १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलेलं. पण बिघाड घ्रेलिनच्या पुरवठ्यात नाही. आर्क्युएट केंद्रकातले चेतापेशी घ्रेलिनला मंद प्रतिसाद देतात. आणि गंमत म्हणजे लेप्टिनलाही मंद. म्हणजे खा म्हणणारा आणि पुरे म्हणणारा, दोघांचेही आवाज एकाच वेळी खाली. नुसतं ‘पोट भरलंय’ असं मेंदूला वाटत असतं तर लेप्टिनचा आवाज मोठा हवा होता. इथे अख्खी कचेरीच बंद आहे.

कारण थायरॉइड. हायपोथॅलॅमसमध्ये टी३, म्हणजे थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक, कमी पडतं. त्या गटाने जागेपणाच्या खिडकीत हायपोथॅलॅमसमध्ये थेट टी३ सोडलं आणि खारी खायला लागल्या.

हे हॅम्स्टरशी जुळतं. २००७ मध्ये दाखवलं गेलं की हायपोथॅलॅमसमध्ये टी३ चं रोपण असेल तर लहान दिवसांतही हॅम्स्टर बारीक होत नाही. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या भिंतीत टॅनिसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यातलं डीआयओ२ हे विकर टी४ (थायरॉइडचं कमी सक्रिय रूप) पासून टी३ बनवतं, डीआयओ३ ते मोडतं. लांब दिवसांत पहिलं जोरात, लहान दिवसांत दुसरं. रात्रीची लांबी मेलाटोनिन सांगतं, ते पीयूषिकेच्या एका पट्टीतून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मार्फत टॅनिसाइटला कळतं.

दोन सूचना. हा टी३ स्थानिक आहे. रक्तात टी३ मोजून हायपोथॅलॅमसमधला टी३ कळत नाही. आणि हॅम्स्टरचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं, भुईखारीचं वर सांगितल्याप्रमाणे स्थिर उजेडातही चालतं. शेवटची कडी सारखी असली तरी किल्ली फिरवणारा हात वेगळा. ते एकाच बाणाने जोडू नकोस.

---

खामला एक्स्प्रेस

म्हणजे आपल्याले थायरॉइड कमी असलं की भूक मेली असं समजायचं का? आमच्या कॉलनीत तर थायरॉइड कमी होऊन लोकं जाड होऊन राहिले.

---

धंतोलीचा डॉक्टर

चेष्टेत चांगला प्रश्न विचारलास भाऊ. हायपोथायरॉइडच्या माणसाला भूक सहसा कमीच असते. वजन वाढतं ते चयापचय मंदावल्याने, आणि त्यातला बराच भाग पाणी-मिठाचा. जास्त थायरॉइड असलेला माणूस उलट भरपूर खाऊनही वाळतो. तरी माणसात संप्रेरक अख्ख्या शरीरात कमी होतं, खारीत मेंदूच्या एका कोपऱ्यात. थायरॉइडची गोळी भुकेसाठी कमी-जास्त करायची नसते, हे इथे लिहून ठेवतो.

आता अस्वलं, कारण बर्डीवाल्याचा तिसरा प्रश्न तिकडेच जाणार आहे. तपकिरी अस्वल शरदात दिवसाला २० हजार किलोकॅलरीपर्यंत खातं. माणूस इतका फुगला तर इन्शुलिन काम करेनासं होतं. अस्वलात उलटं: लठ्ठ होताना चरबीच्या पेशी इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात, निद्रेत त्याच पेशी प्रतिरोधक होतात, वसंतात पुन्हा ठीक. हिवाळ्यात प्रतिरोध सोयीचाच आहे. चरबी साठवणं थांबतं, मोडणं चालतं, ग्लुकोज मेंदूसाठी वाचतं. आजार म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो तो तिथे ऋतूचा भाग आहे.

सेमिनारसाठी सावधान: यावरचा २०१४ चा सेल मेटाबॉलिझममधला गाजलेला निबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला. इंटरनेटवर अजून तोच फिरतो. त्याऐवजी २०१७ चं रिगानो आणि सहकाऱ्यांचं काम वापर, ऋतूनुसार बदलणारी संवेदनशीलता त्यात आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या गटाने निद्रेतल्या अस्वलांना दोन आठवडे ग्लुकोज दिलं आणि त्यांचा रक्तद्रव चरबीच्या पेशींवर घालून पाहिला. पेशींचं जनुक-वर्तन जागेपणाकडे झुकलं. रक्तद्रवातली आठ प्रथिनं त्यांनी संशयित म्हणून वेगळी काढली.

---

काटोल रोड

मग ते वजन कमी करायचं जीएलपी-१ वालं इंजेक्शन पण याच अस्वलांतून आलं का? कुठंतरी वाचलं होतं.

---

धंतोलीचा डॉक्टर

नाही. त्या वर्गातलं पहिलं औषध आलं गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून. एक्झेंडिन-४, जॉन एंग, १९९२. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. सरडा सस्तन नाही आणि हा धागा त्याचा नाही.

---

नियामक

वजन कमी करायच्या औषधांसाठी आरोग्य विभागात धागा आहे. इथे खारी आणि अस्वलंच.

---

पेंचफिरस्ता

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी गैरसमज: आपलं अस्वल, म्हणजे मेळघाट-ताडोबा-पेंचमधलं, शीतनिद्रा घेत नाही. घ्यायचं कारण नाही. वाळवी बारा महिने, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, पुढे टेंभुर्णी, जांभूळ, हिवाळ्यात बोरं. मादी हिवाळ्यात पिलांसाठी गुहेत शिरते आणि काही आठवडे क्वचितच दिसते, त्यावरून ‘झोपलं’ अशी समजूत झाली. ते बाळंतपण आहे. खऱ्या शीतनिद्रेची अस्वलं हवी असतील तर काश्मीरमधलं काळं अस्वल, नाहीतर द्रासकडचं हिमालयी तपकिरी. आणि लडाखातला मार्मोट, तो तर भुईखारीचा थेट चुलत.

थंडी म्हणजेच निद्रा असंही नाही. मादागास्करचा जाड शेपटीचा ड्वार्फ लेमूर सात महिने झाडाच्या ढोलीत निद्रा घेतो. ढोली तापली की त्याचं शरीर ३० अंशांच्या वर जातं, रात्री उतरतं. इंधन शेपटीत. म्हणजे खाणं बंद व्हायला थंडी लागत नाही हे दिसतं.

आता मोजायचं काय? लेप्टिन आणि घ्रेलिन विष्ठेत मोजता येत नाहीत. ती पेप्टाइड-प्रथिनं, आतड्यातच पचून जातात. रक्त काढायचं तर भूल द्यावी लागते, आणि अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, सेमिनारसाठी कुणी भूल देणार नाही. विष्ठेतून टी३ चे अवशेष मात्र निघतात. कृती अशी:

सकाळी पिंजरा धुवायच्या आधी ताजी विष्ठा घ्यायची. आपल्या उन्हात दुपारपर्यंत नमुना गेलाच समजा, जिवाणू संप्रेरक मोडतात. पूर्ण ढीग हातमोज्याने कालवायचा, कारण संप्रेरक सगळीकडे सारखं नसतं. त्यातला मूठभर भाग डबीत, तासाभरात उणे २० अंशांवर. नंतर गोठवून वाळवायचा, चाळून बिया, केस काढायचे. ०.१ ग्रॅम भुकटी, १५ मिलि ७० टक्के इथेनॉल, ३० मिनिटं हलवणं, सेंट्रिफ्यूज. उरलेल्या गाळावर पुन्हा १५ मिलि आणि तेच. दोन्ही अर्क एकत्र करून मोजणी.

अस्वलासाठी संप्रेरक मोजायचा कुठलाही किट तयार नसतो. म्हणून आधी अर्काचे दुप्पट-दुप्पट पातळ नमुने करून किटच्या प्रमाण-वक्राशी समांतर रेषा येते का ते पाहा. नाही आली तर पुढचे सगळे आकडे टाकाऊ.

---

धंतोलीचा डॉक्टर

यात भर: हा टी३ अख्ख्या शरीराचा आहे. उपासमार झाली की तो उतरतो, म्हणून पोषणाचा अंदाज येतो. मास्तरीणबाईंनी सांगितलेला हायपोथॅलॅमसचा टी३ यातून कळणार नाही. शीर्षकात ‘भुकेचं नियंत्रण’ लिहू नकोस.

आणि कधी रक्त मिळालंच (उपचारासाठी भूल दिली असताना जास्तीचं), तर घ्रेलिनसाठी हे पाळ. रेणूतल्या तिसऱ्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर आठ कार्बनचं मेदाम्ल चिकटलेलं असेल तरच ते भूक लावतं. हे मेदाम्ल रक्तात भराभर सुटतं, आणि रक्तातलं बहुतेक घ्रेलिन तसंही मेदाम्लाविनाच असतं. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी आधीच बर्फात. रक्त पडताच मिलीला १ मिलिग्रॅम एईबीएसएफ (मोडणारी विकरं रोखणारं रसायन). अर्ध्या तासाच्या आत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज. वेगळा केलेला प्लाझ्मा मिलीला ५० मायक्रोलिटर एक-नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करायचा, छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० वर. हे न करता ‘घ्रेलिन कमी आलं’ म्हणणं म्हणजे भांडं गळतं आणि दूध कमी भरलं म्हणून गवळ्याला बोलणं.

---

इतवारीचा गणिती

पेंचफिरस्ते, एक शंका. अस्वल वाळवीसोबत माती खातं ना? मग ग्रॅमला किती हे कसं काढणार?

---

पेंचफिरस्ता

शाब्बास, इथेच बहुतेक जण फसतात. माती वजन वाढवते, संप्रेरक वाढवत नाही. त्याच भुकटीचा वेगळा वजन केलेला भाग मफल भट्टीत ५५० अंशांवर चार तास. उरलेली राख म्हणजे माती आणि खनिजं. समजा ०.१ ग्रॅममधून ६ नॅनोग्रॅम टी३ निघालं, म्हणजे ग्रॅमला ६०. पण राख ४० टक्के निघाली, तर सेंद्रिय भाग ०.०६ ग्रॅमच, खरा आकडा ग्रॅमला १००. पुढच्या आठवड्यात तेच अस्वल फळांवर असेल आणि राख १० टक्के असेल, तर ६ नॅनोग्रॅमचा अर्थ ६७. दुरुस्ती केली नाही तर दोन्ही ६० दिसतात आणि तिसऱ्या स्लाइडवर ‘ऋतूचा परिणाम नाही’ असं लिहिलं जातं.

---

महालची मास्तरीण

चरबीच्या प्रकाराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. भुईखारीला निद्रेआधी लिनोलेइक आम्ल लागतं, ते स्वतः बनवता येत नाही, अन्नातून यावं लागतं. १९८७ मध्ये गायझर आणि केनजी यांनी दाखवलं की असंतृप्त आहारावरच्या चिपमंक या छोट्या खारीची जडावस्था लांबते आणि शरीर जास्त थंड होऊ शकतं. कमी पडलं तर चरबी थंडीत घट्ट होते. खोबरेल डिसेंबरात गोठतं तसंच. फार जास्त झालं तर ऑक्सिडेशनने पेशींचं नुकसान. मधला पट्टाच चांगला. आणि सगळी असंतृप्त मेदाम्लं सारखी नाहीत: मार्मोटना अल्फा-लिनोलेनिक जास्त दिलं तर निद्रा बिघडते. आपल्याकडच्या भाषेत, करडई चालेल, जवस बेताने.

---

खामला एक्स्प्रेस

जवसाची चटणी बंद म्हणता का मास्तरीणबाई? हे तर विदर्भावर अन्याय झाला.

---

बर्डीवाला

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. प्राणिसंग्रहालयात अस्वलाला ठरलेलं अन्न मिळतं. मग ऋतूनुसार टी३ किंवा वजन बदललं तर ते पेंगेलींच्या खारींसारखं आतलं घड्याळ म्हणता येईल का?

---

महालची मास्तरीण

नाही. त्यांनी उजेड आणि तापमान दोन्ही बांधून ठेवलं होतं. इथे डिसेंबरची रात्र लांब आणि गार, मेची छोटी आणि भट्टीसारखी. अन्न ठरलेलं आहे एवढंच कळेल. ‘खाद्य स्थिर असताना वजनात ऋतूनुसार फरक’ असं लिही, घड्याळ हा शब्द नको.

---

पेंचफिरस्ता

आणि ‘दिलेलं’ आणि ‘खाल्लेलं’ वेगळं असतं. उरलेलं अन्न रोज वजन करून वजा कर, नाहीतर स्थिर म्हणण्यालाही आधार नाही. अस्वलाचं वजन महिन्यातून दोनदा, सकाळी खाण्याआधी, त्याच काट्यावर. मादी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे वेगळ्या तक्त्यात. जंगलातली विष्ठा हवी असेल तर परवानगीचा अर्ज सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात, आणि तो मोहाच्या हंगामाच्या पुष्कळ आधी टाक.